मनाला घातलेलं गाऱ्हाणं

शकूआत्या,

तू ध्यानात असताना गेलीस, असं गावाने एकमताने ठरवलं आहे. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी तोंड उघडलं असतं की नाही, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण त्या दुपारी त्या खोलीत तू आणि मी दोघीच होतो, म्हणून निदान तुला तरी खरं ते लिहिते. तू टीव्ही बघत होतीस.

आदल्या संध्याकाळचा भाग दुपारी पुन्हा लागतो, तो. त्यातली सासू सुनेच्या दुधात काहीतरी कालवत होती आणि तू खुर्चीतून तिला बजावत होतीस, "गो अवदसे, हात झडतले तुझे!" आदल्या संध्याकाळीही तू हेच बजावलं होतंस आणि तिने ऐकलं नव्हतं. बांगड्याचं तिखलं आणि भात जेवून झाला होता. तू बडीशेपेची चिमूट उचललीस, मला म्हणालीस, "फॅन बारीक कर गो, माका थंडी वाजता," आणि मी उठून बटण फिरवून वळले तर तुझे डोळे मिटलेले. मला वाटलं, लागला डोळा. मी टीव्हीचा आवाज कमी केला. एरवी मी असं केलं की तू डोळे न उघडता म्हणायचीस, "वाढव. बगतंय मी." त्या दिवशी म्हणाली नाहीस. तेव्हा मला कळलं.

मी हाक मारली. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी हाक असेल. तरी शेजारची कुंदाकाकी नंतर म्हणाली, मांजर ओरडलं असं वाटलं. ती कुंपणावरून आली आणि दारातच थबकली. तुझी पाठ ताठ, कारण डॉक्टरांनी दिलेला कंबरेचा पट्टा. डोळे मिटलेले. आणि उजवा हात गुडघ्यावर, अंगठा आणि तर्जनी टोकाला जुळलेली.

"अगो बाये," काकी म्हणाली, "ज्ञानमुद्रा!" आणि तिने तिथल्या तिथे हात जोडले.

ती बडीशेप होती आत्या. मी नंतर कोणी बघत नसताना तुझ्या बोटांतून काढून घेतली. तोपर्यंत बातमी खाडीपलीकडे पोहोचली होती. दुसऱ्या दिवशी वालावलहून दोन बायका आल्या. त्या तुला कधी भेटल्याही नव्हत्या. त्यांनी तुझ्या खुर्चीला नमस्कार केला. प्लास्टिकची ती खुर्ची, जिचा एक पाय तू तारेने बांधला होतास.

तुला हे सगळं आवडलं असतं की तू चिडली असतीस, याचा मी खूप विचार केला. मला वाटतं, आधी तू चिडली असतीस आणि मग त्या दोघींना विचारलं असतंस, रिकाम्या हाताने कशा काय आलात.

*

तू मुंबईहून नोकरी संपवून गावी आलीस आणि खळ्यात, म्हणजे घरापुढच्या सारवलेल्या अंगणात, ध्यानाचा वर्ग काढलास, तेव्हा मी सावंतवाडीत इंग्रजी शाळेत होते. तुझ्या वर्गाबद्दल बाबा जेवताना सांगायचे आणि हसून त्यांना ठसका लागायचा. कारण बाबांच्या आठवणीत तू म्हणजे टेलिफोन एक्सचेंजमध्ये राहून राहून आवाज चढलेली मोठी बहीण. समोर बसलेल्या माणसाशीही ती ट्रंक कॉलवर असल्यासारखी बोलायची. असली बाई लोकांना शांत कसं बसवणार?

बसवता येत नव्हतंच. सुरुवातीचे वर्ग कसे झाले ते तूच मला पुढे सांगितलंस. तू म्हणायचीस, "डोळे मिटा." बाबलतात्या म्हणायचे, "मिटले." तू म्हणायचीस, "श्वास घ्या." तात्या म्हणायचे, "घेतलो." तू म्हणायचीस, "आता मन रिकामा करा."

"खंय वतू?" तात्या विचारायचे.

तात्यांचा दोष नव्हता. त्यांचं आयुष्य जहाजावर गेलं. तिथे हुकूम ऐकला की ऐकला असं ओरडून सांगावं लागतं. पण बाकीचेही तसेच. आपल्या गावात कोणाला काही सांगा, त्याला उत्तर येणारच. मौन पाळा म्हटलं तर "पाळलंव" असं उत्तर येतं.

मग तुला ते सुचलं. गावात एकच वेळ अशी असते की सगळे एका जागी उभे राहतात आणि एकच माणूस बोलतो: देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा. मानकरी देवापुढे उभा राहून मोठ्याने सगळ्यांचं मागणं मांडतो, काही वाकडंनाकडं झालं असेल तर ते सरळ कर म्हणतो, आणि त्याच्या एकेका वाक्याला सगळे एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" देवाला गाऱ्हाणं घालता येतं तर मनाला का नाही? तू दुसऱ्या सकाळी खळ्यात उभी राहिलीस.

"बा मना म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" त्यांना सांगावं लागलं नाही. आपसूक आलं.

"आज ह्या लेकरांनी तुका हयसर आणून बसयलला आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"काल तू बसल्या जाग्यावरसून उठान बाजारात गेलंस, थयसून लोकांच्या घरात गेलंस, कोणाच्या सुनेन काय केल्यान ता बगून इलंस!"

"व्हय म्हाराजा!" हे जरा हळू आवाजात, कारण खरं होतं.

"ता सगळा आमी पोटात घालतंव. पण आज हललंस, तर माझ्याशी गाठ आसा!"

"व्हय म्हाराजा!"

आणि सगळे गप्प बसले. कितीतरी वेळ. समुद्राची गाज ऐकू आली म्हणे.

तात्या गावचे मानकरी. वर्ग सुटल्यावर ते मागे राहिले. "शकूताय, बायलमाणसान गाऱ्हाणा घालूचा, अशी वहिवाट नाय."

"देवाक घालणंय नाय मी, मनाक घालतंय. मनाची वहिवाट तुझ्याकडे आसा?"

चहा येईपर्यंत तात्यांनी विचार केला आणि "नाय" म्हणाले. तो प्रश्न तिथे मिटला. फिलूबाय पलीकडच्या वाडीतून यायची, तिने आपल्या फादरना विचारून घेतलं आणि ती "व्हय म्हाराजा, आमेन" असं म्हणू लागली. तूही कधी हरकत घेतली नाहीस. म्हणायचीस, "दोन शिक्के मारल्यार कागद लवकर पोचता."

योगदिनाला शाळेच्या मैदानावर तालुक्याहून सर आले होते. पांढरा सदरा, गोड आवाज, सगळं नीट शिकलेले. त्यांनी माइकवर म्हटलं, "आता सावकाश, दीर्घ श्वास आत घ्या," आणि तुझी पलटण पुढच्या रांगेतून गरजली, "व्हय म्हाराजा!" सर दचकले. "हळूहळू बाहेर सोडा." "व्हय म्हाराजा!" या वेळी शाळेची मुलंही. शवासनात तर मैदानभर आडवी पडलेली माणसं आभाळाकडे बघून होकार देत होती. सरांनी तुझ्याकडे पाहिलं. तूही आडवी होतीस आणि तुझं पोट हसण्याने हलत होतं.

*

मी तुझ्याकडे राहायला आले ते ध्यान शिकायला नाही. पुण्यातली खोली सोडली होती, काम घरून करायचं होतं, आणि तुझ्या माडीवर नेटवर्क येतं. कारण एवढंच मी सांगितलं. तूही तेवढंच ऐकून घेतलंस.

खरं कारण असं की ऑफिसच्या एका मोठ्या बैठकीत माझी पाळी आली आणि माझा आवाज आलाच नाही. सगळे म्हणत राहिले, तुझा माइक बंद आहे. माइक चालू होता. मी काय बोलायचं ते पाठ केलं होतं, ओठ हलत होते, पण आतून काही वर येईना. शेवटी मी माइक बंद करून खूण केली की हो, बिघडलाय.

तुझ्या वर्गात मात्र मी पहिल्याच आठवड्यात आदर्श ठरले. "चेडू बघ कसा बसता!" कुंदाकाकी सगळ्यांना सांगायची. "हलणा नाय, बोलणा नाय. जन्मजात योगिनी." मी मान खाली घालायचे आणि मला बरंही वाटायचं. एकदा तू ते ऐकलंस आणि भांडी विसळता विसळता म्हणालीस, "ता गप्प आसा. शांत नाय. तुमका फरक कळणा नाय."

मला त्या वेळी तुझा फार राग आला. कारण तू नेमकं बोललीस. बाहेरून मी दगडासारखी बसायचे आणि आत बाजार भरलेला असायचा. काल अमक्याला पाठवलेल्या निरोपात चूक तर नव्हती, तमकी माझ्याकडे अशी का बघत होती, मी आत्ता गिळलं त्याचा आवाज झाला का. शेजारी तात्या खोकत, खाजवत, मधेच "शिवशिव" करत बसायचे, आणि ते माझ्यापेक्षा शांत असायचे.

आपली भांडणं तिथून सुरू झाली. माझ्या फोनमध्ये ध्यानाचं ॲप होतं. त्यातली बाई हळू आवाजात सांगायची, विचार येऊ द्या, जाऊ द्या, त्यांच्याकडे नुसतं बघा. मागे समुद्राच्या लाटांचा आवाज. तू एकदा माझ्या कानातलं इअरफोनचं एक बोंडूक काढून स्वतःच्या कानात घातलंस.

"ह्यो खंयचो दर्या?"

"माहीत नाही. रेकॉर्डिंग आहे."

"आणि ह्यो?" तू खिडकीकडे बोट दाखवलंस. "ह्येचा बिल येता काय, म्हणान आयकणस नाय?"

मी म्हटलं, प्रश्न समुद्राचा नाही. तू मनाला ओरडतेस. ओरडून मन शांत होत नाही, ते नुसतं घाबरून बसतं. माझं आयुष्यभर तेच झालंय. तू माझ्याकडे बघत राहिलीस. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलणार. तू म्हणालीस, "मगे काय करू? त्येका चाय विचारू?"

पण त्यानंतर तू मला प्रत्याहार समजावलास, ते मी विसरणार नाही. इंद्रियं आत ओढून घेणं, कासवासारखी, असं ॲपवाली बाई म्हणाली होती आणि मला ते जमत नव्हतं. तू म्हणालीस, "कासव जावंदे. एक्सचेंज धर. फोन इलो की बोर्डार दिवे पेटतले. पेटले म्हणान ओरडाचा नाय, आणि फोडूचेव नायत. खंयच्या दिव्याक प्लग लावचो ता आपल्या हातात. माका शोभेची पोरगी म्हणान ठेवलल्यानी नाय थय. प्लग न लावच्यासाठीच पगार होतो." आणि वर म्हणालीस, "तू सगळ्यांका प्लग लावतंस. म्हणान तुझी लाइन एंगेज."

त्याच्या दुसऱ्याच सकाळी प्रत्याहाराची परीक्षा झाली. सगळे डोळे मिटून बसलेले. रेश्मा मासळीची टोपली मागे बांधून स्कूटरवरून आली. ती तुझ्या शिस्तीतली. हॉर्न वाजवायची नाही, कडेला टोपली ठेवून स्वतःही डोळे मिटून बसायची. वास मात्र डोळे मिटून थांबत नाही. ताजी सुरमई होती. खळ्यावर पाच माणसांची इंद्रियं एकदमच बाहेर आलेली मला ऐकू आली, म्हणजे सगळ्यांनी एकाच वेळी नाकाने श्वास ओढला. कोणी हललं नाही. मी मनात म्हटलं, कमाल आहे, आत्याने खरंच यांना घडवलं. आणि तेवढ्यात तुझा आवाज आला, तुझ्या वर्गातला तो घंटेसारखा आवाज:

"रेश्मा, शेपटेकडचो भाग माका."

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

*

त्राटकाचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण कुंदाकाकीचा प्रश्न त्यात आहे.

त्राटक म्हणजे ज्योतीकडे एकटक बघणं. पण खळ्यात ज्योत ठरत नाही, खारा वारा विझवतो. तू चार वेळा समई पेटवलीस आणि मग स्टुलावर एक नारळ आणून ठेवलास. "ह्येच्याकडे बगा. ह्यो विझाचो नाय." नारळ कुठला, तर कुंपणाजवळच्या त्या वाकड्या माडाचा, ज्याचं मूळ काकीच्या हद्दीत आणि शेंडा तुझ्या. तो माड कोणाचा, यावर तुम्ही दोघी माझ्या जन्माच्या आधीपासून भांडत होतात.

त्या सकाळी काकीने जे त्राटक केलं, तसं मी पुन्हा कोणाचं पाहिलं नाही. पापणी लवली नाही. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तरी नाही. तू सगळ्यांना म्हणालीस, "बगा, ह्येका म्हणतत एकाग्रता!"

"एकाग्रता खड्ड्यात गेली," काकी म्हणाली, "ह्यो नारळ आमच्या माडाचो."

तू गेलीस त्याच दिवशी सकाळी तुमचं त्यावरून परत वाजलं होतं. तू तिला म्हणालीस, "वर्गाक येव नको उद्या." ती म्हणाली, "येणंय नाय, जा." रोजचंच. दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी चटई घेऊन हजर असायची. या वेळी दुसरा दिवस आलाच नाही. तू ध्यानात गेलीस, हे तिने गावभर का सांगितलं, ते मला थोडं उशिराच कळलं. ध्यानात गेलेल्या माणसाच्या मनात राग उरत नाही ना.

*

तुझं तेरावं झाल्यावर देवळाच्या सभामंडपात शोकसभा झाली. योगदिनाचे ते सर तालुक्याहून आले. ते मनापासून आले होते, हे मला सांगायलाच हवं. तुझा फोटो बघून त्यांचे डोळे भरले. पण ते बोलू लागले तसतशी तू मला दिसेनाशी झालीस. ताईंनी क्रोधावर विजय मिळवला होता. ताईंचं बोलणं मोजकं होतं. तात्या जमिनीकडे बघत होते. ताईंचा आहार सात्त्विक होता. मागच्या खांबाशी बसलेल्या रेश्माने पदर तोंडाला लावला.

मग सर म्हणाले की अशा योगिनीचं स्मारक व्हायला हवं. सभामंडपात फोटो लागेल, खाली पाटी, 'ध्यानमग्न अवस्थेत देह ठेवला'. आणि वर्ग बंद पडू नये म्हणून ते तो स्वतः चालवतील, महामार्गालगतच्या आपल्या हॉलमध्ये. तिथे पूर्ण मौन असेल. बोलणं नाही, गाऱ्हाणं नाही. त्यांनी हात जोडले, देवाकडे तोंड केलं आणि त्या गोड, लांब आवाजात म्हणाले, "हे कार्य आपण सर्वांनी मिळून सिद्धीस न्यावं, अशी प्रार्थना करतो."

"व्हय म्हाराजा!" अख्खा मंडप म्हणाला.

आणि मग सगळ्यांना कळलं आपण काय म्हणालो ते.

 फिलूबाय तात्यांना कुजबुजली, "तात्या, आमी काय म्हटला ह्या?"

"आपसूक इला गो तोंडात," तात्या म्हणाले. त्यांचा आवाज सगळ्यात मोठा होता, म्हणून ते सगळ्यात ओशाळले होते.

"मगे नाय म्हणा."

"देवासमोर व्हय म्हटला, आता नाय कसा म्हणू? गाऱ्हाणा घालून मागे घेवचा लागात."

"मगे घाल."

"मी खंयचो घालू? वर्ग शकूतायचो. घरच्या माणसान घालूक व्हया." आणि तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मग फिलूबायने. मग सगळ्यांनी.

आत्या, बोर्डावरचे सगळे दिवे एकदम पेटले. सर माझ्याबद्दल काय म्हणतील, बाबा पहिल्या रांगेत आहेत, मला मालवणी धड येत नाही, माझा ड्रेस मागून चुरगळलाय. मी बसूनही राहू शकले असते. मी नाही उठले तर कोणी मला दोष दिला नसता. उलट म्हणाले असते, बघा, कसं शांत पोर. आणि उद्यापासून भिंतीवर तू लागली असतीस, मोजकं बोलणारी, सात्त्विक जेवणारी, कोणीतरी दुसरीच. तुझं खळं रिकामं. खरं माहीत असलेली मी एकटी, आणि मी गप्प.

मी उठले. का उठले, माहीत नाही. पाय उठले.

"बा मना म्हाराजा," मी म्हणाले.

"जरा मोठ्यान गो!" मागून कोणीतरी.

"बा मना म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आत्या, तू मला कधी सांगितलं नव्हतंस की ते उत्तर असं पाठीवर हात ठेवल्यासारखं येतं. ते आलं आणि मला पुढचं वाक्य सुचलं.

"शकूआत्या ध्यानात नाय गेली. ती टीव्ही बघत होती."

 मग फिलूबाय, एकटी, बारीक आवाजात: "व्हय म्हाराजा, आमेन."

"ती मालिकेतल्या सासूला शिव्या देत होती!"

"व्हय म्हाराजा!" आता बरेच जण.

"तिला राग यायचा!"

"व्हय म्हाराजा!!" हे इतकं मनापासून आलं की देवळाच्या शिखरावरची कबुतरं उडाली.

"तिने त्या दिवशी बांगडे खाल्ले, आणि तिच्या बोटात बडीशेप होती!"

"व्हय म्हाराजा!"

मी कुंदाकाकीकडे बघितलं. बघायचं नव्हतं, पण बघितलं. "ती त्या सकाळी कुंदाकाकीशी माडावरून भांडली. भांडण मिटलं नाही. ती असती, तर दुसऱ्या दिवशी वर्ग घेतला असता, काकीला पुढे बसवलं असतं आणि परत भांडली असती."

सगळे थांबले. याला होकार काकीनेच द्यायचा होता. काकीने नाक पुसलं. "व्हय," ती म्हणाली. मग जोराने, "व्हय म्हाराजा! आणि माड आमचोच आसा!"

हसू फुटलं, आणि काकी रडायला लागली, आणि रडता रडता तीही हसली. मला वाटतं, तुझ्यासाठी त्या मंडपात कोणी खरं रडलं असेल तर त्या वेळी.

"तर वर्ग तिच्या खळ्यात होता, तो थयच रवूंदे," मी म्हणाले. माझं मालवणी वाकडं आलं असणार. कोणी सुधारलं नाही. "आणि मघाशी चुकून जे व्हय म्हटला, ता देवाने पोटात घालूचा."

"व्हय म्हाराजा!"

मी खाली बसले.  सर म्हणाले, "ठीक आहे. मग पाटीचं काय करायचं?"

"लिवा," तात्या म्हणाले, "टीव्ही बगताना गेली."

सर हसले. चांगले आहेत ते, तुला वाटायचं तसे नाहीत. जाताना त्यांनी मला एवढंच विचारलं की मग उद्यापासून वर्ग कोण घेणार. मी मागे वळून पाहिलं. सगळे उभे होतेच, माझ्याकडे बघत.

*

आज सकाळी मी तुझ्या जागेवर बसले. खुर्चीत नाही, तेवढं धाडस अजून नाही. पायरीवर, सगळ्यांकडे तोंड करून. गाऱ्हाणं घातलं, तुझ्याएवढा आवाज लागला नाही, पण मांजराचाही नव्हता. सगळ्यांनी डोळे मिटले. मीही मिटणार होते.

आणि मग मला दिसलं की त्या जागेवरून काय दिसतं. इतके दिवस मी त्यांच्यात डोळे मिटून बसायचे, मला काय माहीत असणार. तात्यांचा चेहरा मिटलेल्या डोळ्यांनी अगदी पोरासारखा होतो. फिलूबायचा अंगठा माळ नसतानाही बोटांच्या पेरांवरून फिरत असतो. रेश्माच्या हातावर मीठ लागून भेगा पडल्यात. कुंदाकाकीच्या गालावरून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती, कारण हलायचं नसतं. या माणसांनी रोज तुझ्यासमोर असे चेहरे उघडे टाकले होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले, आणि माझ्याने डोळे मिटवलेच नाहीत. तुझेही मिटत नसणार.

मधेच काकीने एक डोळा किलकिला केला. मी आहे की पळाले, ते बघायला.

"काकी, डोळे मीट!"

मी ओरडले, आत्या. मी. खळ्याच्या कडेचे कावळे उडाले. काकीने गच्च डोळे मिटले आणि तिच्या ओठांवर समाधान पसरलं. आणि पुष्कळ वेळाने माझ्या लक्षात आलं की एवढा वेळ मी स्वतःबद्दल काहीच विचार केलेला नाही. ओरडून मन शांत होतं की नाही, या भांडणात मी अजून हरले असं म्हणणार नाही. पण आज तू असतीस तर मी जरा कमी जोराने भांडले असते.

मग तात्या घोरू लागले. आधी हळू, मग नीट लयीत. बाकीचे हलले नाहीत, सगळ्यांना सवय असावी. मी त्यांच्याकडे बघत बसले. इतक्या वर्षांत हे रोज झालं असणार, आणि त्यांना उठवायचं की तसंच राहू द्यायचं, हे तू कशावरून ठरवायचीस, तेवढं तुला विचारायचं राहूनच गेलं.